अळंबीचा फोटो पाठवू नका



लावणी आटपली. दोन दिवस पावसानं जरा उसंत दिलीय, म्हणून लिहायला बसलो. या पानावर मी एरवी भात, नाचणी, काजू, गुरं आणि वानरांचा त्रास असल्या गोष्टी लिहितो. आज मात्र भांडायला आलोय, आधीच सांगतो.

आर्द्रा लागल्यापासून फोनवर रोज अळंबीचे फोटो येतायत. "काका, ही खायची आहे का?" "भाऊ, लवकर सांगा, कढईत टाकायचीय." काही फोटोत अळंबी ताटात कापून ठेवलेली. एकात तर फोडणीत परतलेली! मी यातल्या एकालाही "हो" म्हटलेलं नाही, आणि पुढेही म्हणणार नाही. त्यावरून काही जण रागावले. एका ताईंनी लिहिलं, "माहिती असून सांगत नाही, एवढा माज बरा नव्हे." दुसऱ्यानं लिहिलं, "काकांना आपल्या जागा लपवायच्या आहेत." जागा मी लपवतोच, त्याबद्दल पुढे बोलतो. पण फोटोवर "हो" न म्हणण्याचं कारण एकच आहे. फोटोवरून अळंबी ओळखता येत नाही. मला नाही, तुम्हाला नाही, आणि त्या फोनमधल्या अ‍ॅपलाही नाही. जो म्हणतो मला येते, तो दुसऱ्याच्या पोराबाळांच्या जिवावर हुशारी मारतोय.

"आमची आजी नुसती बघून ओळखायची," हे वाक्य मला दर पावसाळ्यात ऐकवलं जातं. आमची पण ओळखायची. म्हणून जरा आठवून बघा, ती काय करायची ते. कोणी पोर टोपलीत अळंबी घेऊन आलं की आजीचा पहिला प्रश्न असायचा, "खय गावली?" दिसते कशी, रंग कुठला, हे नंतर. आधी जागा. अमक्याच्या मळीतल्या वारळावर म्हटलं की मान डोलवायची. मग एकेक अळंबी उचलून खालचं टोक बघायची. टोक तुटलेलं असलं की बाजूला. एखाद्या पोरानं "वाटेत मिळाली" म्हटलं की सगळी टोपली परड्यात, आणि वर शिव्या.

म्हणजे आजी अळंबी ओळखत होती त्याच्या आधी जागा ओळखत होती. तेच वारूळ, तेच नक्षत्र, दर वर्षी तीच जात. तिच्या सासूनं तिला दाखवलेल्या पाच-सात जागा. त्या जागांबाहेरची अळंबी तिनं उभ्या जन्मात शिजवली नाही. हे ज्ञान मोठं होतं, पण ते गावच्या शिवेच्या आतलं होतं. आणि तुम्ही फोटो काढताना नेमकी तीच गोष्ट वगळता. वरून टोपी दिसते, खाली फरशी नाहीतर वर्तमानपत्र. जागा गेली, मूळ गेलं, माती गेली. उरलं काय? एक पांढरी छत्री. पांढऱ्या छत्र्या रानात शंभर प्रकारच्या असतात.

आता जागेला एवढं महत्त्व का, ते नीट सांगतो. ही देवळातली श्रद्धा नाही, हा शेतीचा हिशोब आहे.

आपण जिला खरी अळंबी म्हणतो, विदर्भात कुठे सात्या म्हणतात, कुठे टेकोडे म्हणतात, गोव्यात ओळमी म्हणतात, ती वाळवीनं पिकवलेली असते. रॉजर हाइम नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ साली या कुळाला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं. टर्माइट म्हणजे वाळवी. वाळवी सुका पाला, काटक्या, लाकूड खाते, पण ते सगळं तिला धड पचत नाही. मग ती पोटातून निघालेल्या चोथ्याचे स्पंजासारखे मऊ पोळे जमिनीखाली रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी तो चोथा कुजवते, त्यावर पांढरे बारीक मणी धरतात, आणि ते मणी नि तो कुजलेला चोथा वाळवी खाते. आपण शेणखत कुजवून मग शेताला घालतो, तसाच प्रकार. फरक एवढाच की वाळवी हे कोट्यवधी वर्षं करतेय आणि तिला कुठलं अनुदान लागत नाही.

पाऊस मुरला की त्या खालच्या पोळ्यातून अळंबी वर येते. माती फोडायची असते म्हणून तिच्या टोपीला मधोमध टोक असतं, नारळाच्या कोंबासारखं कडक. आणि जमिनीखाली तिचा दांडा मुळासारखा निमुळता होत थेट त्या पोळ्यापर्यंत जातो. कधी वीतभर, कधी हातभर. म्हणून दर वर्षी अळंबी त्याच जागी येते, कारण खाली घर तेच असतं. आणि म्हणूनच धिंगरीसारखी ती पिशवीत पेंढा भरून घेता येत नाही. वाळवीशिवाय तिचं पीक कुणाला बाजारात विकण्याएवढं अजून जमलेलं नाही.

आता कळलं का, आजी "खय गावली" का विचारायची? जागा सांगितली म्हणजे खाली वाळवी आहे हे सांगितलं. खालचं टोक बघितलं म्हणजे अळंबी त्या वाळवीच्याच घरातून आली हे तपासलं. तिला टर्मिटोमायसिस हा शब्द माहीत नव्हता, पण तपासणी तिची पक्की होती. उगाच नाही आपल्याकडे आणि गोव्यात सातेरीच्या देवळात वारुळालाच देवी मानलेली.

यातही मेख आहे, तीही सांगतो, नाहीतर उद्या कोणी वारूळ दिसलं की वरची काय पण छत्री तोडून आणेल. एक, वारूळ जमिनीवर उंच दिसेलच असं नाही. कित्येक वेळा घर जमिनीखाली आणि वर सपाट कातळाकडेची माती. दोन, वारुळाजवळ उगवलं ते सगळं वाळवीचं नसतं. बाजूच्या कुजक्या मुळावर, शेणावर दुसरीही छत्री येते. तीन, लांब मूळ असणारी दुसरीही जात रानात आहे, तिचं मूळ मातीत गाडलेल्या लाकडाला जाऊन मिळतं. चार, वाळवीच्याच कुळातली बारीक अळंबी, शेकड्यांनी एकदम पांढरी चादर अंथरल्यासारखी येते, तिला लांब मूळ नसतंच. कारण वाळवी पोळ्याचे तुकडे बाहेर आणून टाकते आणि त्यावर ती उगवते. म्हणजे एकाच खुणेवर विसंबून चालत नाही. सगळ्या खुणा एकत्र जुळाव्या लागतात, आणि त्या हातात घेऊन, जागेवर बसून जुळवाव्या लागतात.

आता ज्यांच्याशी घोटाळा होतो, त्या दोघींची ओळख करून देतो.

पहिली, गवतावरची मोठी पांढरी छत्री. गोठ्याच्या मागे, उकिरड्याजवळ, शाळेच्या मैदानात, बंगल्यांच्या लॉनवर पावसात येते. ताटलीएवढी मोठी होते, टोपीवर मधे तपकिरी खवले, दांड्याला बांगडीसारखी कडी, ती वरखाली सरकते. दिसायला इतकी गोंडस की फोटो काढल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. कोवळी असताना तिच्या टोपीखालचे पडदे पांढरे असतात, जून झाली की हिरवट होतात. शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मोलिब्डायटीस. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या नि जुलाब, कधी रक्तसुद्धा. धडधाकट माणूस बहुतेक वाचतो, पण लहान पोर आणि म्हातारं माणूस पाणी जाऊन जिवावर बेततं.

गेल्या पावसात एका ग्रुपवर कुणी तरी बंगल्याच्या आवारातली अळंबी टाकली होती. खाली धडाधड कमेंट. "खा बिनधास्त." "मस्त सुक्कं करा." "आमच्याकडे हीच खातात." फोटोच्या कोपऱ्यात एक छत्री उलटी पडलेली, तिचे पडदे हिरवट दिसत होते. मी लिहिलं, खाऊ नका. माझी कमेंट चाळीस "बिनधास्त"च्या खाली गाडली गेली. त्या घरातली चार माणसं रात्रभर सलाईनवर होती. दुसऱ्या दिवशी "बिनधास्त" लिहिणारे काय करत होते माहितीये? गुड मॉर्निंग पाठवत होते. एकानंही कमेंट पुसली नाही, सॉरी म्हटलं नाही. औषध दुकानदारानं चुकीची गोळी दिली तर आपण दुकान डोक्यावर घेतो. इथे चाळीस जणांनी विष खायला सांगितलं आणि कुणाचं काही गेलं नाही.

दुसरी त्याहून वाईट. अमानिटा नावाचं कुळ. त्यातल्या काही जाती खातात, पण काही जाती अशा की अर्धी टोपीही माणूस घेऊन जाते. ही वाळवीची नाही, ठराविक झाडांच्या मुळांशी हिची सोयरीक असते. टोपीखालचे पडदे पांढरे, दांड्याला बहुतेक वेळा झालर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुडाला एक पांढरी पिशवी, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी. ही पिशवी मातीत असते. तुम्ही अळंबी वरच्यावर मोडून घेतली की पिशवी मातीतच राहते. मग तुमच्या हातात आणि तुमच्या फोटोत विषाची एकमेव मोठी खूण नसतेच! आता सांगा, असल्या फोटोवर मी "हो" म्हणू? कोण म्हणेल?

या विषाची रीत फार कावेबाज आहे. रात्री जेवलात तर रात्री काही होत नाही. सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ, सगळं ठीक. माणूस म्हणतो, बघा, काही झालं नाही. मग सकाळी उलट्या, जुलाब, पोटात कळा. दवाखान्यात सलाईन लावलं की दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. माणूस घरी येतो. आणि आतल्या आत लिव्हर निकामी होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, शुद्ध हरपणे, आणि पुढचं सांगायला नको. शिजवून, उकळून, वाळवून हे विष जात नाही. चवीलाही कडू नसतं. जे वाचले त्यांनी चवदार होती असंच सांगितलेलं आहे.

हे कुठलंतरी परदेशातलं भय नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा माणसं गेली, त्यात चहाच्या मळ्यातली कष्टकरी कुटुंबं जास्त होती. रानाची माहिती नसलेली माणसं नव्हती ती. पिढ्यानपिढ्या अळंबी खाणारी होती.

आणि ज्यांची पोरं परदेशात आहेत त्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा. माझ्या मावसभावाचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. हिवाळ्यात तिकडे पाऊस पडतो. त्यानं ओक झाडाखालचा फोटो पाठवला, "काका, सेम आपल्या गावची!" मी त्याला त्याच क्षणी फोन केला, हात लावू नको म्हटलं. तिकडे ओकच्या मुळाशी अमानिटाची सगळ्यात घातकी जात येते. भाताच्या पेंढ्यावर येणारी अळंबी आशियात आवडीनं खातात, तिलाही बुडाला पिशवी असते. त्या सारखेपणानं फसून तिकडे गेलेली आशियाई माणसं मेलेली आहेत. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा शहरात २०११ च्या शेवटच्या रात्रीच्या जेवणात ही अळंबी होती, त्यात दोघं दगावली. शिजवणारा माणूस पेशानं स्वयंपाकी होता. म्हणजे हाताला सवय होती, डोळ्याला ओळख होती, फक्त माती बदलली होती. आजीचं ज्ञान विमानात बसत नाही, हे लक्षात ठेवा.

आता अ‍ॅपवाले. "काका, तुम्ही जुन्या काळातले, आता फोटो टाकला की नाव येतं." नाव येतं हो, मी कुठे नाही म्हणतो? मीही किडीचा फोटो टाकून बघतो. पण किडीचं नाव चुकलं तर एक फवारा वाया जातो. इथे काय वाया जाईल ते बघा. ऑस्ट्रेलियात विषबाधेच्या केंद्रातल्या लोकांनी अळंबी ओळखणारी तीन अ‍ॅप तपासून पाहिली. सगळ्यात चांगल्या अ‍ॅपला साधारण निम्म्याच नीट ओळखता आल्या. निम्म्या! दहावीला मला त्याहून बरे मार्क होते. आणि अ‍ॅप कधी "मला माहीत नाही" म्हणून गप्प बसत नाही. काहीतरी नाव देतंच.

मग राहिले घरगुती कसोट्यांचे पंडित. त्यांचा एकेक हिशोब चुकता करतो.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी. खोटं. चांदी गंधकानं काळी पडते. अंडं खाताना पण पडते. अमानिटाच्या विषाला चांदीशी काही देणंघेणं नाही.

लसूण नाहीतर तांदूळ टाकून शिजवा, रंग बदलला तर विषारी. खोटं. रंग बदलला नाही म्हणून खाणारे बळी पडतात.

किड्यानं, गोगलगाईनं खाल्लेली असेल तर चांगली. खोटं. गोगलगाय आरामात अमानिटा खाते आणि चालू लागते. तिचं शरीर वेगळं, आपलं वेगळं. बकरी रुई खाते म्हणून तुम्ही खाणार का?

टोपीची साल निघाली तर खायची. खोटं. घातकी जातीचीही साल निघते.

पांढरी चांगली, रंगीत वाईट. सगळ्यात घातक खोटं. मारणाऱ्या जातींत शुभ्र पांढरी पण आहे.

मीठ-हळदीत उकळून पहिलं पाणी फेकून द्या. याबद्दल वर लिहिलंय, या विषाला उकळीची भीती नाही.

आणि एक, "आधी कुत्र्याला घालून बघा." लाज वाटली पाहिजे. आणि बारा तास काही होत नाही म्हटल्यावर कुत्रा काय सांगणार तुम्हाला?

एवढं सगळं नको म्हटल्यावर कोणीतरी विचारणारच, मग खायचीच नाही का? खा की! मी दर वर्षी खातो. खोबऱ्याच्या वाटणात अळंबीचं सुकं आणि तांदळाची भाकरी, याच्यापुढे मला मटण नको. माझं म्हणणं अळंबीच्या विरोधात नाहीच. ज्याला अळंबी प्रिय आहे त्यानंच हे भांडण केलं पाहिजे. एक घर सलाईनवर गेलं की गावभर चांगल्या अळंबीवरही थुंकतात, आणि पोरं वारळावर जायची बंद होतात. मग जागा विसरतात.

मग ओळखायची कशी? माझी रीत सांगतो. यातलं एक जरी जुळलं नाही तरी टोपली रिकामी करायची.

जागा. खाली वाळवीचं घर आहे हे माहीत असलेली जागा. निदान दोन-तीन पावसाळे ती जागा बघितलेली, आणि ज्यानं दाखवली त्यानं तिथली खाल्लेली.

मूळ. वरून मोडायची नाही. बोटानं किंवा काठीनं बाजूची माती मोकळी करून हळूच काढायची. निमुळतं मूळ खाली जाताना दिसलं पाहिजे. बुडाला पिशवी, कवच, फुगीर गड्डा दिसला तर विषय संपला. पण हे करताना वारूळ फोडायचं नाही, कुदळ तर न्यायचीच नाही.

टोपी. मधे कडक टोक. पूर्ण उघडलेली निदान एक तरी असली पाहिजे.

पडदे. टोपीखालचे पडदे दांड्याला चिकटलेले नसावेत, पांढरे ते फिकट गुलाबीसर असावेत. हिरवी छटा आली की फेकायची.

भुकटी. हे सगळ्यांनी शिकून घ्या, शाळेतल्या पोरालाही जमतं. उघडलेल्या अळंबीची टोपी अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका, रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर बारीक भुकटी पडलेली असते. वाळवीच्या अळंबीची फिकट गुलाबीसर. अमानिटाची पांढरी. गवतावरच्या हिरवट पडदेवालीची हिरवट. पण एवढ्यावरही उड्या मारू नका. गुलाबी भुकटीची दुसरीही एक विषारी जात असते, फक्त तिचे पडदे दांड्याला चिकटलेले असतात नि तिला वाळवीचं मूळ नसतं. म्हणून म्हटलं, सगळं जुळलं पाहिजे.

आणि शेवटचं, माणूस. त्या जागेची अळंबी खाणारं जुनंजाणतं माणूस, प्रत्यक्ष समोर. फोनवर नाही.

आता बघा, यातली किती कामं फोटोतून होतात? कोणी म्हणेल, काका, मूळ, पडदे, भुकटी सगळ्याचे फोटो टाकले तर? तरी माझं उत्तर तेच. फोटोवरून "नको" म्हणता येतं, "हो" म्हणता येत नाही. हिरवे पडदे दिसले, मी नको म्हणेन. बुडाला पिशवी दिसली, नको म्हणेन. पण काही वाईट दिसलं नाही म्हणून चांगली, असा हिशोब रानात चालत नाही.

जागा लपवण्याचं बोलतो म्हटलं होतं. हो, आम्ही लपवतो. अळंबीची जागा भाऊ भावाला सांगत नाही, हे खरंय. आणि का सांगावी? सांगितली की दुसऱ्या दिवशी दुचाकीवरून चार जण येतात, कळ्यासकट सगळं उपटतात, मोठी मिळावी म्हणून वारूळ खणतात. मग पुढल्या वर्षी तिथे काही नाही. पण याचा दुसरा अर्थ बघा. चांगल्या अळंबीची सगळ्यात मोठी खूण म्हणजे जागा, आणि ती खूण कोणीही ग्रुपवर टाकणार नाही. म्हणजे हा व्यवहार फोनवर होऊच शकत नाही. ज्ञान ज्या पिशवीत बांधलेलं आहे ती पिशवी उघडायची कोणाची तयारी नाही, आणि फक्त पिशवीचा फोटो फिरतोय.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. जागा जगाला सांगू नका, पण घरातल्या एका तरी पोराला हाताला धरून दाखवा. मुंबईला असला तरी गणपतीला येतो ना? त्याला वारळावर न्या. मूळ कसं काढायचं ते दाखवा. आमच्या वाडीत जाणती माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी उरलीत. ती गेली की पोरांकडे फक्त अ‍ॅप उरेल.

कळ्या काढणाऱ्यांनाही दोन शब्द. बंद कळीला बाजारात भाव जास्त, हे मला माहीत आहे. पण कळी ही ओळखायला सगळ्यात अवघड. अमानिटाही कोवळी असताना अंड्यासारखी बंदच असते. आणि कळी काढलीत की टोपी उघडत नाही, भुकटी मातीत पडत नाही. वाळवीच्या नव्या घरांना बहुतेक करून हीच बाहेरची भुकटी बी म्हणून लागते. म्हणजे सगळ्या कळ्या नेणारा माणूस बियाण्याचं भात दळून खातोय. प्रत्येक जागेवर निदान काही तरी पूर्ण उघडून म्हातारी होऊ द्या.

विकत घेणाऱ्यांनी रस्त्यावर पानात बांधलेल्या नुसत्या टोप्या घेऊ नका. मूळ असलेली घ्या. विकणाऱ्या मावशीला विचारा, "खय गावली?" जागा ती सांगणार नाही, पण वारळावरची का, हे सांगताना तिचा चेहरा बघा. खरी विकणारी वैतागते आणि मूळ उचलून दाखवते.

आणि एवढं करूनही कोणाला त्रास झालाच तर ताक, तूप, चिंचेचं पाणी यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, मोठा दवाखाना गाठा. उरलेली अळंबी, नसेल तर शिजवलेली, तीही नसेल तर साफ करताना फेकलेले तुकडे कागदात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकमध्ये सडते. डॉक्टरांना किती वाजता खाल्ली आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे नक्की सांगा. सहा तासांनंतर सुरू झालेली उलटी तासाभरात सुरू झालेल्या उलटीपेक्षा जास्त भयानक असते. आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी "आम्ही घरी जातो" म्हणू नका. ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास होत नसला तरी.

तर मंडळी, आजपासून या पानाचा नियम. अळंबीचा फोटो "खाऊ का" म्हणून टाकाल तर माझं उत्तर "नको" एवढंच असेल, फोटो कसलाही असो. आणि दुसऱ्याच्या फोटोखाली "बिनधास्त खा" लिहिणाऱ्याला मी पानावरून काढणार. तो माझा जवळचा असला तरी. राग आला तर येऊ दे.

कौतुक म्हणून फोटो टाका, बघायला मला आवडतात. खाली नक्षत्र लिहा, गाव लिहा, वारूळ होतं का लिहा. जागा नका लिहू.

पाऊस परत धरलाय. बांध फुटलाय का बघून येतो.